घोड्याच्या घरातलं प्यादं

गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि बुद्धिबळातले बरेच तरबेज लोक त्या बाजूला गेले. म्हणूनच भंडाऱ्याच्या संघात शिरण्याचं स्वप्न माझ्यासारख्या मास्तरालाही पडू लागलं. तुमसरला निवडीचा शेवटचा डाव. जिंकलो तर नागपूरच्या स्पर्धेला मी. बरोबरी झाली तर समोरचा, वरठीच्या बाजूचा एक फिटर. बरोबरी झाली.

त्याला गाडीवर सोडायला मी तुमसर रोड स्टेशनला गेलो. खरं कारण वेगळं होतं. डाव कुठं निसटला, ते मला शोधायचं होतं.

बाकावर त्याने चुंबकाचा छोटा पट उघडला. दुपार पेंगत होती. कुठल्याशा गिरणीतून उकडलेल्या धानाचा वास येत होता, आणि समोरून मालगाडी इतकी सावकाश जात होती, की डबे उभे आहेत आणि आम्हीच बाकासकट तरंगत चाललोय असं वाटावं.

"हत्ती इकडून नेला असता तर?"

"कायचा नेता, गुरुजी? उंट बसला होता न तिथं!"

एकेक वाट बंद होत गेली. शेवटी पटावर उरले दोन राजे, त्याचं घराजवळच रेंगाळणारं एक प्यादं, आणि माझं एक, पलीकडच्या टोकाला पोचायला एकच घर बाकी असलेलं. माझे डोळे मिटू लागले. अर्धवट झोपेत ते प्यादं उठलं, अंग झटकलं, शेवटच्या घरात शिरलं आणि वजीर होऊन माझ्याकडे बघत राहिलं.

मी दचकून जागा झालो आणि हसत सुटलो.

"काहून हासून राहिले, गुरुजी?"

"अहो, याचा वजीर होत होता!"

"घोड्याच्या घरी? घोडाच होते न?"

आम्ही दोघंही गावठी बुद्धिबळावर वाढलेले. त्यात प्यादं ज्या घरात पोचेल, त्या घरचंच मोहरं होतं. एकट्या घोड्यानं मात होत नाही एवढं ज्ञान मला होतं, म्हणून मी ते प्यादं उंबरठ्यावरच थांबवून मोठ्या समजूतदारपणे बरोबरी मागितली होती. स्पर्धेत मात्र हवं ते मोहरं मिळतं, हे पंचांनी सकाळीच सांगितलं होतं. पण गावठी खेळात राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, ती इथं मारायची नाही, हेच मी डावभर घोकत बसलो. आणि एरवी माझी प्यादी तिथवर जगतात कुठं?

त्याने बोटाने ते प्यादं शेवटच्या घरात सरकवलं.

"म्हंजे मी हारलोच होतो," तो म्हणाला. "मंग नागपूरले तुमीच जा, गुरुजी. मी ताप आला म्हणून सांगतो."

माझ्या मनात लाडू फुटले. पण माणसाने एकदम हो म्हणू नये. "छे छे! असं कसं? तुम्हीच जा," मी म्हणालो, आणि पुढच्या आग्रहाची वाट पाहू लागलो. आपल्याकडे चहासुद्धा पहिल्या नकारावर कोणी परत नेत नाही.

त्याने शांतपणे मोहरी गोळा केली. गाडी आली, तो चढला. मी खिडकीला धरून चालत राहिलो. 'बरं, तुम्ही एवढं म्हणताच तर' हे वाक्य अगदी ओठावर होतं. गाडीने वेग घेतला तसा तो वाकून ओरडला,

"जा आता घरी, गुरुजी! वहिनी जेवाच्या थांबल्या असतीन!"