चूपकाकांनी पकडलेला चोर

प्रयोगशाळेत सगळे त्यांना चूपकाका म्हणत. होलोग्रामच्या काचा बनवणं हे त्यांचं काम. लेझर चालू असताना काच केसभर हलली तरी सगळं मुसळ केरात, म्हणून ते दिसेल त्याला "चूप" म्हणत. खुद्द विभागाच्या प्रमुख बाईंना त्यांनी एकदा खोकल्यासकट बाहेर काढलं होतं. त्याचा आनंद त्यांना पुष्कळ दिवस पुरला.

त्यांच्या काचेतून प्रकाश गेला की पडद्यावर दोन ठिपके पडत. प्रकाशाची लाट सरळ आली असेल तर दोन्ही सारखेच उजळ. वाटेत वाकली असेल तर एक चढे, दुसरा उतरे. डोळे तपासायच्या यंत्रात अशा काचा लागत.

पण त्यांचं लेझरचं टेबल नव्या, छोट्या खोलीत आलं आणि काचा बिघडू लागल्या. बाईंनी स्पष्टच सांगितलं, "काका, ही शेवटची. हीपण गेली तर काचा बाहेरून मागवू. तुम्ही स्टोअर सांभाळा."

स्टोअरमधल्या स्क्रूंना चूप म्हणण्यात काय मजा? काकांचा संशय बाईंच्या उंच टाचांवर होता. त्यांनी एक जुनी, चांगली काच लेझरसमोर लावली आणि अगदी साळसूदपणे म्हणाले, "बाई, जरा चालून दाखवता?"

बाई चालल्या. ठिपके ढिम्म.

"जरा पाय आपटून?"

बाईंनी पाय आपटले. ठिपके तसेच. काका मनातून खट्टू झाले. नीट बघायला ते टेबलावर वाकले आणि एक ठिपका भसकन उजळला. ते मागे सरले, ठिपके सारखे झाले. पुढे आले, पुन्हा बिघडले. जुन्या खोलीत त्यांचं स्टूल कोपऱ्यात असे. इथे जागा नव्हती म्हणून ते टेबलाला खेटून बसत, श्वास रोखून राखण करत. त्यांच्याच अंगाच्या उबेनं टेबलावरची हवा हलत होती आणि प्रकाश वाकत होता. चोर सोडून ते संन्याशाला सुळी द्यायला निघाले होते.

बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. शेजारच्या लिफ्टचं नाव काकांच्या जिभेवर आलंही होतं. पण लिफ्टला दोष देऊन शेवटची काच थोडीच सुधारणार होती? त्यांनी मुकाट्यानं नवी काच बसवली, स्टूल उचललं, बाईंनाही बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. लेझरचं बटण बाहेरून दाबलं.

काच फोटोसारखी धुऊन तपासली. दोन्ही ठिपके सारखे. इतकी वर्षं राखण केली आणि उत्तम काच आली ती राखणदार नसताना. हे काकांना लागलंच.

"मग आधी काय बिघडत होतं?" बाईंनी विचारलं.

"मी."

बाई जराशा हसल्या. "म्हणजे यापुढे काच तुम्हीच करायची, आणि बाहेर बसायचं."

"बसतो की," काका म्हणाले. "पण मग बाहेर चूप कुणाला म्हणू? तुम्हीही माझ्याशेजारी बसत जा."