धुऱ्यावरची हाक

मला चालता येत नाही, हे मला मुंबईत कळलं. तोवर जन्मभर नाचत आले होते, आणि जिला नाचता येतं तिला चालता येतंच, अशी माझी आपली समजूत. एका मराठी सिनेमासाठी माणसं निवडणं चाललं होतं, तिथे दिग्दर्शक म्हणाला, "दारापासून या खुर्चीपर्यंत चालत या." मी आले. "आता न नाचता या." पुन्हा आले. तो हसला. मला असा राग आला, की तशीच पाठ फिरवून निघणार होते. पण हिरोइनच्या मागच्या घोळक्यात नाचून नाचून माझे गुडघे बोलायला लागले होते. घोळक्यातल्या बाईचं वय कॅमेऱ्याच्या आधी तिच्या गुडघ्यांना कळतं. म्हणून थांबले. नसते थांबले तर बरं झालं असतं, असं हल्ली रोज एकदा तरी वाटतं.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीची नव्हे. जत्रा, दंडारीचं गाणं-सोंग, नाटक, पाहुणेरावळे असं सगळं एकदम. नाटकात दोन प्रवेशांच्या मधे एक नाच लागतोच, नाहीतर लोक खुर्च्या बडवतात. तो नाच मी करायची. घरात माझ्या नाचाला सगळ्यांचा विरोध होता. बाबा म्हणाले, "लोकं नाचनारीन म्हनतीन हिले." त्यावर मोठी आई, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणाली, "म्हनू द्या. घरी बसून राहिली त का मास्तरीन म्हननार हायेत?"  तिच्यापुढे सगळेच गप्प व्हायचे.

पहिल्या हंगामात ती माझ्याबरोबर नाटक कंपनीच्या जीपमधून हिंडली. केशोरीकडे म्हणा, नागझिऱ्याच्या बाजूला म्हणा, जिथे प्रयोग तिथे ही विंगेत स्टुलावर बसलेली. कुणी वाकडी शिट्टी मारली की पडद्याच्या फटीतून त्याला शोधायची. माझे घागरे तिनंच शिवले. मी नाचणारी झाले ती तिच्यामुळे, आणि नाचणारी होते म्हणून पुढे मुंबईला जाऊ शकले. हे आधी सांगते, म्हणजे मी कुणाचं काय केलं ते नीट कळेल.

मोठ्या आईला एक मुलगा होता. माझ्याहून लहान, माझ्यामागे शेपटासारखा फिरणारा. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत त्याला ताप आला. मोठे बाबा, म्हणजे तिचा नवरा, त्याला गोंदियाच्या दवाखान्यात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी निरोप आणला, की उतार आहे, काळजी नाही. म्हणून मोठी आई कामावर गेली. रोवण्याला हो म्हटलं की बाई मागे हटत नाही. एकीनं दांडी मारली तर बाकीच्यांना तिची पात ओढावी लागते. मीही तिच्याबरोबर होते, पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या हातात द्यायला.

ज्यांनी धानाचा रोवणा पाहिला नाही त्यांना सांगते. बायका ओळीनं वाकून चिखलात रोपं लावतात आणि मागे मागे सरकतात. लावलेलं शेत समोर राहतं. ओळीचा वेग राहावा म्हणून गाणं म्हणतात. एक सांगते, बाकीच्या झेलतात. आमच्या ओळीत गाणं मोठी आई सांगायची. आणि एक गोष्ट आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते, की ताज्या रोवलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाय टाकायचा नाही. मग काहीही होवो.

म्हणून मोठे बाबा आले ते समोरच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहिले. मधे दुसऱ्याचं ताजं धान. तिथूनच त्यांनी हाक मारली.

"अवो, आपला पोट्टा गेला वो."

मला ऐकू आलं. मी मोठ्या आईच्या अगदी जवळ होते. तिनं मान वर केली, सरळ त्यांच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि गाणं वर चढवलं. बायकांनी ते तसंच चढ्या आवाजात झेललं. मोठ्या बाबांनी पुन्हा तेच म्हटलं. गाणं आणखी चढलं. ती रोपं लावत होती आणि मागे सरकत होती, त्यांच्यापासून दूर दूर. हातातली पेंढी संपली तेव्हा ती उभी राहिली, आणि मग धुऱ्याधुऱ्यानं वळसा घालून त्यांच्याकडे गेली.

गाण्यात ऐकू आलं नाही, असं तिनं पुढे सांगितलं. सगळ्यांना पटलं. मोठे बाबा तर म्हणायचे, "तिचं का चुकलं? माहा आवाजच नाई निंगाला." येईल त्या पाहुण्याला, जातील त्या मयतीत ते हेच सांगायचे. आधी ते दंडारीत गायचे. पहाडी आवाज होता, लोक नाव घ्यायचे. त्या पावसाळ्यानंतर कधी गायले नाहीत. ऐन वेळेला ज्या आवाजानं दगा दिला तो गावात काय मिरवायचा, असं त्यांचं म्हणणं.

मी पाहिलं होतं, हे मोठ्या आईला माहीत होतं. एकदा माझी वेणी घालताना आपणहून म्हणाली, "मान खाली होती तवरिक तो जिता होता, बाई." एवढंच. कुणाला सांगू नको, असं म्हणाली नाही. तिला ते म्हणायची गरज वाटली नाही. मला ती इतकी चांगली समजत होती.

तर मुंबईत, निवड चालली होती त्या खोलीत, दिग्दर्शक म्हणाला, "तुम्ही स्वतः पाहिलेलं काहीतरी करून दाखवा. बोलू नका. चेहऱ्यानं सांगूही नका." मी वाकले. दुसऱ्याचं अंग माझ्या अंगात उतरायला वेळ लागत नाही, नाचणाऱ्यांचं तेच भांडवल असतं. मी एकदा मान वर केली, खाली घातली, आणि मागे सरकत गेले. मग उभी राहिले. दिग्दर्शकानं चष्मा काढून हातात धरला होता.

मला काम मिळालं. लाज वाटली का? खोटं कशाला बोलू, आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी पुढच्या ओळीत आले होते.

त्यांनी गोष्टच बदलली आणि तो प्रसंग मधोमध आणला. धानाच्या शेतात शूटिंग झालं. दिग्दर्शकानं विचारलं, "हा माणूस धावत तिच्यापर्यंत का जात नाही?" मी सांगितलं, ताज्या बांधीत पाय टाकत नाहीत. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "वा!" मला चेव चढला. नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला मी धुऱ्यावर उभं राहायला शिकवलं. एक हात धोतराच्या सोग्याला, दुसरा तोंडापाशी नेलेला पण तोंडापर्यंत न पोचलेला. कुणी मागितलं नव्हतं तेही देऊन टाकलं.

सिनेमा आला. पुण्या-मुंबईकडे नाव झालं. मुलाखतीत विचारायचे, "तो प्रसंग तुम्हाला कुठून सुचला?" मी म्हणायची, "आतून." आतून! घरातून म्हणायला जीभ रेटली नाही.

गावाचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी त्याची सोय लावली. गोंदियाच्या टॉकीजमध्ये हिंदी सिनेमे चालतात; असले मराठी सिनेमे तिकडे कुठे पोचतात, अशी मी माझी समजूत घातली. हातातल्या मोबाइलवर दुनिया दिसते हे मला तेवढ्यापुरतं आठवलं नाही. गावातल्या पोरांनी सिनेमा मिळवला, शाळेच्या हॉलला ताडपत्र्या लावून भरदुपारी अंधार केला आणि मला सत्काराला बोलावलं. आई फोनवर म्हणाली, "तुही मोठी आई त नवीन लुगडं काढून बसली हाये." कसं नाही म्हणणार? काय कारण सांगणार?

ती माझ्याशेजारी बसली, पहिल्या रांगेत. तिच्या पलीकडे मोठे बाबा. सिनेमा सुरू झाला तसा तिनं माझा हात हातात घेतला. मी पडद्यावर आले की दाबायची. मागे बायका खुसपुसत होत्या, "आपली पोट्टी वो, आपली पोट्टी." मग रोवणा आला आणि त्या गप्प झाल्या. त्यातल्या कितीतरी त्या दिवशी त्या ओळीत होत्या.

पडद्यावर मी मान वर केली, धुऱ्यावरच्या माणसाकडे सरळ पाहिलं, आणि गाणं चढवलं. कॅमेरा इतका जवळ, की मला ऐकू आलं आहे यात कुणाला शंका राहू नये. तेच तर माझं काम होतं. मोठ्या आईनं माझा हात सोडला नाही. झिडकारला असता तर मला सोसलं असतं. मोठ्या बाबांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. सिनेमा संपल्यावर टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं, गावाचं नाव काढलं म्हणून भाषण झालं. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावरही मोठे बाबा वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. मोठी आई अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. मोठे बाबा खाटेवर. चहा झाला. मग त्यांनी विचारलं, "ते गान्याचं तुनं कुठून आनलं वो, बाई?"

"डायरेक्टरनं लिहिलं होतं, मोठे बाबा."

"मुंबईच्या मानसाले का मालूम, बांधीत पाय नाई टाकत म्हनून?"

"तेवढंच मी सांगितलं."

माझ्या डोळ्यांची पेपरात तारीफ आली होती. ते डोळे मला जमिनीवरून उचलता येईनात.

मोठ्या आईचा हात सुपात थांबला. "तिले काऊन विचारून राहिले?" ती म्हणाली. "मले विचारा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "आयकू आलं होतं?"

"आलं होतं."

"कवा?"

"पयल्याच हाकेले."

मला वाटलं, आता ते चिडतील. आणि सांगायला लाज वाटते, पण त्याच वेळी एक आशाही वाटली. आपला आवाज निघाला होता, पोचला होता, हे इतक्या वर्षांनी कळल्यावर त्यांना बरं वाटेल. म्हणजे माझ्या सिनेमानं कुणाचं तरी भलं केलं असं होईल. मी अशी बाई आहे. तिथे बसूनही मी माझी सुटका शोधत होते.

मोठ्या बाबांनी खाटेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाले, "मंग मले घडीघडी तेच काऊन म्हनू देलं?"

 वेणी घालताना मला जे सांगितलं होतं ते मोठी आई त्यांना सांगू शकली असती. सांगितलं नाही. मलाही ते सांगता येत नव्हतं, कारण ते तिचं होतं, आणि मी ते एकदा पडद्यावर, मागे व्हायोलिन लावून, जगाला सांगून बसले होते. मोठे बाबा उठले, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि शेताकडे गेले. तिनं पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. मी खडे काढायला हात पुढे केला, तर तिनं सूप जरा बाजूला सरकवलं.

आई फोनवर सांगते, की ते तिच्याशी बोलत नाहीत. भांडणतंटा नाही, ताट वाढलं की जेवतात, पण बोलत नाहीत. आमच्याकडे नवरा-बायकोचं असं झालं की घरातलं तिसरं माणूस निरोप पोचवतं, आणि चार दिवसांत हसून सगळं मिटतं. त्या घरात तिसरं माणूस नाही. असता तो मुलगा, तर आता कर्ता झाला असता.

त्या दिवशी दुपारी मोठी आई मला बसपर्यंत सोडायला आली. पिशवीत पोहे बांधून दिले. मला राहवलं नाही, मी रस्त्यावरच तिचे पाय धरले. "मोठी आई, माझं चुकलं."

"चुकलं त चुकलं. ऊठ, लोकं पाहून राहिले."

एसटी वळणावर दिसली. तिनं माझ्या खांद्यावरची धूळ झटकली, पदर नीट केला, जशी विंगेत उभी राहून करायची.

"येत जाय," ती म्हणाली. "पन माह्याकडे पाहू नको आता."

मी बसमध्ये चढले. खिडकीजवळची जागा मिळाली. बस हलेपर्यंत ती खिडकीखाली उभी होती, आणि मी समोरच्या सीटकडे पाहत राहिले.