सगुणामावशीचा सेला

बायबलातले स्तोत्र वाचताना मधेच येणारा 'सेला' हा शब्द मी म्हटला की सगुणामावशी उभी राहायची आणि लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी समोर धरायची. मुरबाडच्या आमच्या लहानशा प्रार्थनामंदिरात झाडलोट करणारी ही विधवा. अक्षरओळख नाही; पण हा शब्द कुठल्या स्तोत्रात किती वेळा येतो, हे तिला माझ्याहून पक्के ठाऊक. मी तिथल्या मिशनच्या शाळेतला मास्तर, रविवारचे शास्त्रवाचन माझ्याकडे. बाई देवापुढे पदर पसरून काहीतरी मागते आहे, असेच मी वर्षभर समजत होतो.

शेवटी विचारले. ती हसली.

"मागत नाय, मास्तर. देते. तुमी येवढी स्तुती वाचता, मंग मधीच सांगता, सेला. मानाच्या मानसाला सेला घालत्यात ना? माज्याकडं सेला कुठला, म्हनून पदर."

तिच्या गावाकडे शेल्याला सगळे सेलाच म्हणत. नवरा गेला त्या आठवड्यातही ती अशीच उभी राहिली होती. बायका कुजबुजल्या, तेव्हा म्हणाली, "माजा धनी गेला, देव कुठं गेलाय? त्याचा मान त्याला."

हे ऐकून शहाण्याने गप्प बसावे. पण मी नुकताच शिकून आलेला. उथळ पाण्याला खळखळाट फार. पुढच्याच रविवारी भर मंडळीत खुलासा केला: सेला हा इब्री, म्हणजे हिब्रू भाषेतला शब्द, गाण्यातली खूण असावी, अर्थ कोणालाच नक्की ठाऊक नाही, वस्त्राशी त्याचा काही संबंध नाही, तेव्हा यापुढे तो वाचणार नाही. मंडळी हसली. मावशीही हसली, पदर खांद्यावर घेऊन खाली बसली. एक अज्ञान दूर केले म्हणून मी त्या दिवशी चार घास जास्त जेवलो.

पुढे महायुद्धाच्या वर्षांत तिची एकुलती लेक हिवतापाने गेली. पुरताना मी स्तोत्र वाचत होतो. मावशी समोर उभी, हात नुसते लोंबत होते. मला ते बघवेना. मी तो शब्द वाचला, मोठ्याने. ती हलली नाही. पुन्हा वाचला. लोक माझ्याकडे बघू लागले.

त्यानंतर ती शनिवारी झाडून जायची, रविवारी यायची नाही. महिन्याने मी तिच्या झोपडीत गेलो. तिची स्तुती मी हिरावून घेतली होती, आणि ती परत देता येईल अशी माझी भाबडी समजूत होती.

"मावशी, माझे चुकले. तुझाच अर्थ खरा. ये रविवारी, मी वाचतो, तू पदर धर."

ती सुपात तांदूळ निवडत होती. रागावली असती तर बरे झाले असते. एक खडा काढून तिने बाजूला टाकला.

"तवा मला ठाव नवतं, मास्तर. आता ठाव झालं. ठाव झालेलं कसं इसरायचं, ते तुमच्या शाळंत शिकवत्यात का?"