येळवशीला चेअरमनच्या रानात

तेरमधल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाचा पैसा कुठं ठेवायचा, हे मी बघते. ट्रस्टची खजिनदार म्हणजे लोकांना मोठा मान वाटतो. मान कसला, डोक्याला ताप! मूळ रक्कम ठेवीत असते आणि तिच्या व्याजावर पोरी जेवतात. आईबाप ऊसतोडीला गेले की या पोरी आमच्याकडं राहतात. ताटातला भात व्याजातून येतो हे त्यांना ठाऊक नसतं, आणि ठाऊक असायची गरजही नाही. काळजी करायला मी बसलेय की.

ही ठेव गावातल्याच एका पतसंस्थेत होती. ट्रस्टचा पैसा मोठ्या बँकेत ठेवा म्हणून ऑडिटर दरवर्षी ओरडायचा. पण पतसंस्थेचा चेअरमन पडला आपल्यातला, व्याजही जरा जास्त द्यायचा. आमच्या बैठकीत कुणी 'आपल्यातला' म्हटलं की विषयच संपतो. मी भांडायला लागले की चहा यायचा.

गेल्या हिवाळ्यात ठेवीची मुदत नेमकी येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी संपत होती. त्याच आठवड्यात शेजारची किराणावाली मला म्हणाली, "बाई, म्या पतसंस्थेत माझं पैसं मागायला गेले, तर म्हनले येळवस झाल्यावर या." एवढंच बोलली. पतसंस्थेकडं द्यायला पैसाच उरला नसेल, असं माझ्या मनात आलं.

तशीच उठून अध्यक्षांकडं गेले. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. कापडाचं दुकान मुलाच्या हवाली करून आता ते ट्रस्टचंच बघतात, आणि ठेव काढायला माझ्याबरोबर त्यांची सही लागते.

"अप्पा, ठेव काढायची. पुन्हा तिथं ठेवायची न्हाय."

"काढू की. पण बाई, येळवशीला त्याच्या रानात जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच दारात पैसे मागत उभं राहायचं? बरं दिसतंय व्हय?"

"मग जेवायलाच जाऊ नका!"

"न्हाय गेलं तर गावभर बोभाटा. मग तर सगळेच पळतील त्याच्याकडं पैसे काढायला."

तेही खरं होतं. येळवशीला इकडं अख्खं गाव रानात जेवायला असतं. कोण कुणाच्या रानात जेवलं आणि कोण गेलं नाही, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. आणि ज्याची आंबील प्यालो त्याच्याकडं लगेच तगादा लावायचा नाही, हा अप्पांचा जन्माचा नेम. माझं डोकंच फिरलं. पोरींचं ताट एकीकडं आणि यांची भीड एकीकडं!

गेले मी अप्पांबरोबर, पण काही खायचं नाही असं ठरवूनच गेले. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा झाली, पंगत बसली. पत्रावळीवर मिसळभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे तसेच गार होत होते. "बाईंचा उपास हाय का काय?" म्हणून लोक हसत होते. चेअरमन स्वतः आंबील वाढत फिरत होता. माझ्यापुढं येऊन थांबला.

"घ्या बाई, थोडी."

"नको."

"एक घोट?"

"नको म्हटलं ना!"

तो माझ्याकडं बघत राहिला. आता चिडतोय, असं वाटलं. पण तो वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "उद्या लवकर या. उशीर करू नका." आणि पुढच्या पानाकडं गेला.

बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. म्हणजे पतसंस्था बुडतेय हे खरंच होतं! शेजारच्या पानावर किराणावाली मिटक्या मारत होती. "उद्या सकाळीच जा, पैसे माग," मी तिच्या कानात सांगितलं. "जाते की दोन दिसांनी," ती म्हणाली.

परतताना अप्पांना सगळं सांगितलं. सकाळी बघते तर ते माझ्या आधी पतसंस्थेच्या पायरीवर बसलेले. सह्या झाल्या, पैसा धाराशिवच्या मोठ्या बँकेत गेला. मग काही दिवसांतच पतसंस्थेला कुलूप लागलं. किराणावालीचे पैसे आतच राहिले; ती माझ्याशी आजही नीट बोलत नाही. मी काय करायला हवं होतं, मला कळत नाही.

त्यानंतर अप्पांच्या मुलाकडून समजलं, अप्पांची सगळी पुंजी त्याच पतसंस्थेत होती. तिथंच बुडाली.

मी तडक त्यांच्याकडं गेले. "अहो, त्याच टेबलापुढं बसला होतात! स्वतःच्या पैशासाठी एक सही जास्त करायला काय झालं होतं?"

"अध्यक्षाला आधी कळलं आणि त्यानं आपलं काढून घेतलं, असं झालं असतं," अप्पा म्हणाले. "मग उद्या पोरींसाठी आपल्याला कुणी रुपाया दिला असता का?"

"आणि तुमचं काय?"

"पोरगं घालतंय की जेवायला."

मला रडू आलं. रागानंच आलं.

आता नव्या ठेवीचा कागद सहीला पुढं केला की अप्पा वाचतसुद्धा नाहीत. "वाचा हो आधी!" मी ओरडते. "तुम्ही वाचलाय न्हवं?" म्हणतात आणि सही करून मोकळे होतात. मी तो कागद घरी आणते आणि पहिल्यापासून पुन्हा वाचत बसते.