तिसऱ्या दिवसाचं पाणी

सह्याद्रीचा माथा आम्ही तुकड्यातुकड्यानं चालत होतो. सुरुवात वाईच्या वरच्या डोंगरात केली होती, शेवट शिराळ्याच्या पश्चिमेला करायचा होता. सात तुकडे पाडले होते. वर्षाला एक, चार-पाच दिवसांचा. चार झाले होते. पाचवा पाटण तालुक्यातल्या एका रांगेवरून जाणार होता आणि त्याची आखणी नोव्हेंबरात सांगलीत, विश्रामबागेतल्या एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू झाली.

टेबल मित्राचं. तो कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाला होता. त्याला एकच मूत्रपिंड होतं. दुसरं सहा वर्षांपूर्वी त्यानं बायकोला दिलं होतं आणि ते तिच्या शरीरात नीट काम करत होतं. चालायला डॉक्टरांची मनाई नव्हती. अट एकच होती: उन्हात चालताना दिवसाला किमान चार लिटर पाणी, शरीर कोरडं पडू द्यायचं नाही. त्यामुळे आमच्या आखणीत बाकी सगळं पाण्याच्या मागून यायचं.

दर वर्षी निघण्याआधी त्याची बायको मला समोर बसवायची.

"भावजी, या घरात चालू अशी दोनच आहेत. एक मी सांभाळते. दुसरं तुमच्या हवाली करतेय."

"मी काय सामान आहे का गं?" मित्र आतून म्हणायचा.

"सामान असतं तर पावती घेतली असती."

पावती ती तरीही घ्यायची. "रोज चार लिटर" असं एका कागदावर लिहून माझी सही घेई आणि तो कागद फ्रीजवर चिकटवून ठेवी. जुने चार कागदही तिथंच होते, एकावर एक.

कामं वाटून घेतलेली होती. वजन आणि पाणी मित्राकडे. बेदाणे, शेंगदाणे, मेतकूट, भाजलेले पोहे, सगळं तो किचनच्या काट्यावर तोलून पिशव्या भरायचा. वाटेतला झरा लागला की एक लिटरची बाटली धारेखाली धरायची, किती सेकंदांत भरते ते घड्याळावर बघायचं आणि तारखेसकट वहीत लिहायचं, ही त्याची पद्धत. माझ्याकडे माहिती: वनखात्याची परवानगी, एसटीच्या वेळा, मुक्कामाची घरं, मोबाइलला रेंज कुठं येते, अडचण आली तर कुठून खाली उतरता येतं. जिल्हा दैनिकाच्या टेबलावर सव्वीस वर्षं काढल्यामुळे फोन करून माणसांकडून माहिती काढणं मला सोपं जात असे.

पाचव्या तुकड्यात अडचण तिसऱ्या दिवसाची होती. चौदा किलोमीटरचा उघडा माथा. मधे एक वाडी नकाशावर होती, प्रत्यक्षात नव्हती. काही पावसाळ्यांपूर्वी तिच्याखालचा डोंगर सुटला. माणसं वाचली, पण वाट वाहून गेली, आणि सरकारनं वाडी उठवून खाली रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून बसवली. वाडीचा झरा वर राहिला. तो चालू असेल तर दुपारी तिथं आठ लिटर भरून पुढच्या गावापर्यंतचे सात किलोमीटर आरामात जात होते. नसेल तर हा तुकडा आमच्यासाठी नव्हता.

डिसेंबरात मी त्या शेडवर गेलो. वाडीतल्या सगळ्यांत जाणत्या माणसाकडे मला नेण्यात आलं. साठीच्या पुढचा, काटक गडी. कोऱ्या चहाचा कप माझ्यापुढं सारून तो म्हणाला, "आमचा झरा? बारमाही हाय, पावणं. शिमग्याला बी वाहतोय."

"मार्चमध्ये?"

"मार्चातच न्हाई, मे म्हैन्यात बी. जनावरं, माणसं, समदी त्याच्यावरच. कवा म्हणून आटला न्हाई. लय गार पानी, दात शिवशिवत्यात."

एका सूत्रावर मजकूर पुढं पाठवायचा नाही, ही कामातली सवय. त्याच वाडीचा एक माणूस नवी मुंबईत माथाडी काम करत होता. त्याला फोन लावला. त्यानंही तेच सांगितलं, आणि वर विचारलं, "तुमी जाताय व्हय तिकडं? पानी प्या माझ्या नावानं." मी वहीत झऱ्यापुढं दोन खुणा केल्या. एक म्हणजे ऐकीव, दोन म्हणजे खात्रीचं.

आम्ही जानेवारीत निघणार होतो. परवानगीचा कागद अडकला, मग मित्राच्या बायकोची सहामाही तपासणी आली. तारीख मार्चच्या दुसऱ्या आठवड्यावर गेली. आधीच्या दोन पाणवठ्यांबद्दल मी पुन्हा फोन करून विचारलं, कारण ते जानेवारीपुरतेच धरलेले होते. वाडीच्या झऱ्याबद्दल विचारलं नाही. तो बारमाही होता.

पहिले दोन दिवस आखल्याप्रमाणे गेले. कराड, पाटण, तिथून पायथ्याच्या गावापर्यंत मुक्कामी एसटी. पहिल्या दिवशीची धार लिटरला पन्नास सेकंद, दुसऱ्या दिवशीची दीड मिनिट. मित्र संध्याकाळी दिवसभरात किती पाणी प्यायला ते लिहायचा आणि मला दाखवायचा.

"बघ. चार पूर्णांक दोन. तुझी सही वाया जात नाही."

"पेपरात छापू का?"

"छाप. चौकटीत."

तिसऱ्या दिवशी सहाला निघालो. माथ्याची चढण संपायलाच साडेनऊ वाजले. प्रत्येकी तीन लिटर. दहानंतर माथ्यावरचं गवत तापलं. सावली कुठंच नव्हती, कारण जळालेल्या पट्ट्यांतून वाट जात होती; वणवा आठवड्यापूर्वीचा असावा. काळी राख बुटावर चढत होती. मित्राला पाणी कमी करू नकोस, पुढं झरा आहे, असं मी दोनदा म्हणालो. तो प्यायला.

पाऊण वाजता वाडी आली. कौलं आणि वासे लोकांनी खाली नेले होते. भिंती छातीइतक्या उरल्या होत्या. एका अंगणातलं तुळशीवृंदावन शाबूत, आत वाळकी काडी. झरा वाडीच्या वरच्या अंगाला, जांभळाच्या झाडाखाली, सांगितल्याबरहुकूम. खूण चुकली नव्हती.

तिथं चिखल होता. खाटेएवढ्या खोलगट जागेत काळा, पाला कुजलेला चिखल, त्यात गव्यांचे खूर उमटलेले. कडेला लाकडी पन्हळ, म्हणजे धार पडावी म्हणून लावलेला कोरलेला ओंडका, फुटून पडली होती. चिखलावर मधमाश्या बसत होत्या. ओल होती, धार नव्हती.

मित्रानं पाठपिशवी उतरवली आणि घड्याळ बघितलं. त्याच्याकडे चारशे मिलिलिटर होतं, माझ्याकडे सातशे.

ताटलीनं उकरायला लागलो. दोन फूट गेल्यावर पाणी झिरपलं, पण चिखल बाजूनं परत आत येत होता. दोन तासांत रुमालातून गाळून एक बाटली भरली, चहाच्या रंगाची. तीत शुद्धीकरणाच्या गोळ्या टाकल्या आणि ती त्यालाच प्यायला दिली. माझं पाणी मी त्याला दिलं, त्यानं अर्धं परत केलं. खाली शेड दिसत होती. पत्रे उन्हात चमकत होते, सरळ अंतर दोन किलोमीटर असेल. मधली वाट दरडीबरोबर गेलेली. आपत्कालीन उताराच्या यादीतून ती मीच खोडली होती. मागं सात किलोमीटर, पुढं सात. पुढं गाव होतं, आणि मोबाइलची रेंजही तिथंच.

"पुढं," तो म्हणाला. "मागं गेलं तर हेच ऊन दोनदा."

तीन वाजता निघालो. पहिल्या तासात त्याला उलटी झाली. दुसऱ्या तासात तो बोलायचा थांबला. गावाच्या अलीकडं तीन किलोमीटरवर तो एका दगडाला टेकून बसला आणि त्याचा घाम थांबलेला होता. सकाळपासून लघवी झाली आहे का, असं मी विचारलं. त्यानं आठवायला वेळ घेतला. "सकाळी. निघताना."

उरलेलं पाणी त्याच्याजवळ ठेवून मी गावाकडं गेलो. गावातल्या चार माणसांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि त्याला आणलं. जीप मिळाली. कराडच्या रुग्णालयात पोहोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. उष्माघात, आणि पोटात गेलेल्या पाण्याचा संसर्ग. मूत्रपिंड बंद पडलं होतं.

त्याची बायको पुतण्याबरोबर आली. तिनं फ्रीजवरच्या कागदाचा विषय काढला नाही. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "झऱ्याला पाणी आहे असं कुणी सांगितलं होतं?"

"तिथल्याच दोन माणसांनी. वेगवेगळं विचारलं होतं."

"त्यांनी तो शेवटचा कधी बघितला होता?"

सव्वीस वर्षं हा प्रश्न मी नवख्या बातमीदारांना विचारायला लावत होतो. त्या दोघांना विचारला नव्हता.

एप्रिलमध्ये मी पुन्हा शेडवर गेलो. वाद घालायला नव्हे. झालं ते त्या माणसाला माहीत असावं, एवढंच. तो पत्र्याच्या सावलीत दोरी वळत होता. मी सांगत गेलो. झऱ्यावर चिखल होता म्हटल्यावर त्याचा हात थांबला.

"गाळ काढला न्हाई व्हय कुणी?"

"कोण काढणार? वर कुणी राहत नाही."

त्यानं दोरी खाली ठेवली. मग सगळं सांगितलं, माझ्याकडं न बघता. दर साली रथसप्तमी झाली की वाडीतल्या प्रत्येक घरातला एक माणूस झऱ्यावर जायचा. दोन दिवसांचं काम. पावसाळ्यात उतरलेला गाळ उपसायचा, मागचा चर मोकळा करायचा, दगड पुन्हा रचायचे, पन्हळ बसवायची. ज्याच्या घरात गडी नसेल त्यानं भाकरी द्यायची. ते काम झालं की झरा जूनपर्यंत चालायचा. वाडी खाली आल्यापासून वर कुणी गेलं नव्हतं.

"हे मला डिसेंबरात सांगितलं नाही तुम्ही."

"आवं, ते काय सांगायचं असतंय व्हय?" आवाजात राग नव्हता, नवल होतं. "आमी रोज घर झाडतो म्हणून पावण्याला कुणी सांगतं का?"

दोरी पुन्हा हातात घेऊन त्यानं विचारलं, "पावणं कसं हायती आता?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या पान्यानं माणूस आजारी पडला." हे तो दोनदा म्हणाला. मी निघताना त्यानं चहा विचारला नाही.

तीन महिन्यांत मूत्रपिंड पुन्हा चालू होण्याची शक्यता आहे, असं डॉक्टर म्हणत होते. तीन महिने गेले, सहा गेले. झालं नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सातला मित्र डायलिसिसला जातो. बायको रिक्षातून बरोबर असते. तिच्यातलं त्याचं मूत्रपिंड उत्तम चालू आहे, दर सहा महिन्यांचे अहवाल तसं सांगतात. त्याला आता दिवसाला एकच लिटर मिळतं, चहा आणि आमटी धरून. त्यानं बाटलीवर आणि चहाच्या कपावर पेनानं रेघा मारल्या आहेत आणि प्रत्येक घोट वहीत लिहितो. फ्रीजवरचे कागद उतरवलेले आहेत.

पुढच्या वर्षी रथसप्तमीनंतर शेडवरून फोन आला. आमी वर जातोय, एवढंच तो माणूस म्हणाला. चौघे होते, सगळे पन्नाशीपुढचे; तरुण माणसं मुंबईला. मीही गेलो. जीपनं पलीकडच्या गावापर्यंत, तिथून मागं सात किलोमीटर, फावडी आणि घमेली खांद्यावर. ज्या दगडाला मित्र टेकला होता त्याच्याजवळून वाट जाते.

दोन दिवस गाळ काढला. कमरेइतका खड्डा झाला तरी पहिल्या दिवशी नुसताच ओलावा. वाकून वाकून एकाची पाठ धरली.

"म्हातारा झालास गड्या," दुसरा म्हणाला.

"झरा बी झालाय की. त्याला कोण बोलत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी, मागचा चर मोकळा झाल्यावर, दगडाच्या फटीतून पाणी आलं. आधी गढूळ, मग स्वच्छ. जाणत्या माणसानं नवी पन्हळ बसवली. पाण्याखाली हात धरला, तोंडाला लावला नाही. मी एक लिटरची बाटली धारेखाली धरली आणि घड्याळ बघितलं.

शनिवारी विश्रामबागेत गेलो. मित्र टेबलाशी बसला होता. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी तो बरा असतो. त्याच्यापुढं ती जुनी वही ठेवली. दोन खुणा तशाच होत्या.

"किती सेकंद?" त्यानं विचारलं.

"सत्तर."

त्यानं मनाशी हिशोब केला. त्या दुपारी आम्हाला आठ लिटर लागलं असतं.

"नऊ मिनिटं वीस सेकंद," तो म्हणाला, आणि झऱ्यापुढं सत्तरचा आकडा लिहिला. तारीख टाकली. मग दोन खुणांतली एक खोडली.

"हे फेब्रुवारीचं आहे," तो म्हणाला. "मार्चचं नाही. मार्चमध्ये कुणीतरी जाऊन परत मोजायला पाहिजे."

त्याची बायको ओट्याशी उभी राहून ऐकत होती. तिनं त्याचा चहाचा कप अर्धा भरला, रेघेपर्यंत, आणि माझा पूर्ण.

"भावजी जातील," ती म्हणाली.