मास्तरांचं जुनं माप

चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या मास्तरांना गिऱ्हाईक दारातून आत येतानाच त्याची कंबर कळायची. पोट आत ओढून उभं राहणाऱ्याला ते मुद्दाम बोलतं करायचे. गडी हसला की पोट जागेवर यायचं, आणि मास्तर तेवढ्यात टेप आवळायचे. मापाला खोटं बोललं की शिवण चारचौघांत उसवते, हे ते प्रत्येकाला ऐकवायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, त्यातली गत.

साठी उलटल्यावर पुन्हा सायकल घ्यायचं त्यांच्या मनानं घेतलं. तीही रेसची, खाली वळलेल्या हँडलची. तरुणपणी ते शर्यतीत उतरायचे. पुढे संसार आणि दुकान आलं, सायकल गेली. बायकोची हरकत नव्हती. ती दुकानात काजं-बटणं आणि अस्तरं बघायची, मास्तरांना आतून-बाहेरून ओळखून होती. तिनं एकच अट घातली. सायकलच्या दुकानापासून उतारावरून खाली यायचं, ती चौकात उभी राहणार, तिच्यापुढे नीट थांबलं तर सायकल घरी येईल. नाहीतर विषय कायमचा बंद. मास्तर एका पायावर तयार झाले.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. हिवाळ्यापासून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नव्हती. कात्री मध्येच सुटायची. हे बाहेर कळलं की कापणं बंद, आणि कापणं बंद झालेला शिंपी म्हणजे गळ्यात टेप अडकवून बसलेला म्हातारा, या विचारानं त्यांची झोप उडाली होती. सायकल चालवून दाखवली की हात अजून शाबूत आहे हे सिद्ध होईल, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं.

सायकलच्या दुकानातल्या सायकलवालीनं सायकल अंगाला बेतून द्यायला टेप काढला तेव्हा मास्तरांना तो अपमानच वाटला. शिंप्याचं माप घेणार? त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. आपल्या जुन्या नोंदवहीतून त्यांनी स्वतःचं माप उतरवून आणलं होतं, पाय, हात, खांदा, सगळं. फक्त ते माप सव्विसाव्या वर्षीचं होतं. जगाची मापं घेताना स्वतःचं पुन्हा घ्यायचं राहूनच गेलं होतं. सायकलवालीनं एकदा चिठ्ठीकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ब्रेक दाबून दाखवायला सांगितलं. पंजा बघून ब्रेकचा दांडा जवळ घेता येतो, म्हणाली. मास्तरांनी डाव्या हातानं दाबून दाखवलं. ती "आता उजवा" म्हणेपर्यंत ते टांग मारून निघाले होते.

पहिल्या वळणापर्यंत झकास गेलं. मग उतार वाढला. चिठ्ठीप्रमाणे लावलेलं हँडल लांब पडत होतं, पाठ ताणली जात होती. त्यांनी उजवा ब्रेक दाबला, म्हणजे दाबायला गेले. बोटं दांड्यावर टेकली आणि तशीच राहिली. डावा आवळला तर मागचं चाक घसरून आडवं जाऊ लागलं. खाली चौकात बायको उभी, तिच्यामागून बस वळत होती. त्यांनी डावा ब्रेक सोडून सोडून दाबला, बूट रस्त्यावर घासला. बायको जागची हलली नाही. पुढचं चाक तिच्या चपलेला टेकलं तेव्हा कुठे सायकल थांबली.

मास्तर उतरले. सायकलवाली मागून धावत आली.

"ब्रेक सैल आहे," मास्तर म्हणाले.

सायकलवालीनं एका बोटानं उजवा ब्रेक दाबला. पुढचं चाक जागच्या जागी अडकलं.

बायकोनं मास्तरांचा उजवा हात हातात घेतला. "मिटा बरं."

दोन बोटं उभीच राहिली.

"हिवाळ्यापासून," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. "कात्रीसुद्धा धरवत नाही."

"ठाऊक आहे मला. चार महिने तुम्ही कापलेलं मीच पुन्हा सरळ करतेय."

मास्तर मटकन फुटपाथवर बसले. इतके दिवस एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही म्हणून ते मनात फुशारत होते. त्यांना आधी राग आला, मग मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माहीत होतं, तर मला उतारावर कशाला पाठवलंस?"

"वाटलं, चढून बसायच्या आधी तरी सांगाल." ती त्यांच्याशेजारी टेकली. "तुम्ही येताना दिसलात तेव्हा कळलं, चुकलं माझं."

विषय बंद, असं काही ती म्हणाली नाही. तिनं सायकल हातात घेतली आणि ढकलत चढ चढू लागली. मास्तर मागोमाग निघाले.

दुकानात सायकलवालीनं पुन्हा टेप काढला. मास्तर सवयीनं पोट आत ओढून ताठ उभे राहिले. मग बायकोकडे नजर गेली, आणि त्यांनी श्वास सोडला. पोट जागेवर आलं.

सायकलवालीनं टेप पायाला लावला.

"थांबा," मास्तर म्हणाले आणि उजवा हात पुढे केला. "आधी याचं घ्या."