पाटणच्या उसाचा रकाना

सत्तरच्या दशकात मी सांगलीत, उसावर संशोधन करणाऱ्या एका लहानशा कार्यालयात संख्याशास्त्राची सहायक होते. सातारा-सांगलीकडच्या गावांतून उसाचं क्षेत्र आणि वजन टिपून आणायचं, ते आकडे कार्डांवर भोकं पाडून उतरवायचे आणि कार्डांचा गठ्ठा पुण्याच्या कॉम्प्युटरकडे एसटीनं पाठवायचा, हे आमचं काम. कोणत्या गावांना नवं बेणं द्यायचं, ते आमच्या अहवालावर ठरणार होतं.

पाटणकडची गावं माझ्या वाट्याला आली होती. चपला हातात घेऊन मी तिथले बांध तुडवले. गडीमाणसं बरीचशी पलटणीत, तेव्हा माहिती द्यायला बायकाच पुढं येत. त्यातल्या एका मिलिटरीवाल्याच्या बायकोनं मला ऊस दाखवला तो मोठ्या तोऱ्यात.

“आवं बाई, धाच गुंठं हाय, पर शेणखत समदं डोक्यावरनं आणलंय मी. लिवा नीट!”

मी नीटच लिहिलं. पण पुण्याहून छापील कागद आले आणि साहेबांनी मला बोलावून घेतलं.

“पाटणची लहान रानं बघा. एकरी शंभर टन! ही बाई तर दीडशे काढतेय. ऊस आहे की बांबूचं बन? घरी बसून आकडे भरले की असंच होतं. पाटण अख्खं वगळा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आकडे चुकले म्हणाले असते तर ऐकून घेतलं असतं, पण मला खोटारडी ठरवलं होतं, आणि माझ्याबरोबर त्या सगळ्या बायकांनाही. “दोन दिवस द्या,” एवढंच म्हणून मी कागद उचलले.

आधी वाटलं, कार्डावर आकडे एखादं घर सरकले असतील. कॉम्प्युटर बिचारा आंधळा. अमुक घरापासून तमुक घरापर्यंत क्षेत्र आहे असं सांगितलं की तेवढंच वाचतो, मग तिथं काही का असेना. मी कार्डं उजेडाकडे धरून भोकं तपासली. एकही सरकलेलं नव्हतं. गावात भरलेल्या कागदांशी ताडून पाहिली, तीही जुळली. कागद बरोबर, कार्ड बरोबर, तरी उत्तर चूक! डोकं फिरायची वेळ आली, पण मीही हट्टाला पेटले होते.

शेवटी वजनं बाजूला ठेवली आणि क्षेत्राचा छापील रकाना वरपासून खालपर्यंत नुसता वाचत गेले. दशांश चिन्हापुढं वीस, दहा, पस्तीस, एकोणचाळीस. पन्नास कुठंच नाही. नव्वद नाही. चाळीससुद्धा नाही. आमच्या घरचा ऊसही त्या यादीत होता. त्या अडीच एकरापुढं २.२० छापलं होतं, आणि तिथं माझी ट्यूब पेटली. अडीच एकर म्हणजे दोन एकर वीस गुंठे! चाळीस गुंठ्यांचा एकर हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. आम्ही कागदावर एकर आणि गुंठे शेजारी शेजारी लिहिले, कार्डावरही ते तसेच चिकटून उतरले, आणि पुण्याच्या प्रोग्रॅमरनं त्या दोन रकान्यांचा एकच करून गुंठ्यांना शंभरानं भागलं. मोठ्या बागायतदाराला त्यानं फारसा फरक पडत नव्हता. पण जिच्याकडं दहाच गुंठे, तिचं पाव एकर रान कॉम्प्युटरनं एक दशांश एकर करून टाकलं होतं.

मी गठ्ठा काखोटीला मारून पुण्याची एसटी धरली. प्रोग्रॅमर भला माणूस होता, पण शहरातला. “क्षेत्र म्हणजे एकच आकडा ना?” तो म्हणाला. मी म्हटलं, “आमच्याकडं दोन. पहिली दोन घरं वेगळी वाचा, पुढची दोन वेगळी, आणि गुंठ्यांना चाळीसनं भागा.” आकड्यांच्या एकाही कार्डाला हात लावावा लागला नाही. प्रोग्रॅममधली दोन कार्डं तेवढी बदलली.

नवे कागद साहेबांसमोर ठेवले. पाटणची रानं चारचौघांसारखी दिसत होती. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“ठीक आहे. पाटण राहू दे. पण ही दहा गुंठेवाली अजूनही साठ टनांवर आहे. सगळ्या तक्त्यात सर्वांत वर. कुणाचा विश्वास बसायचा नाही. तेवढी एक ओळ काढून टाका.”

आमच्या घरचा नदीकाठच्या मळीचा ऊससुद्धा त्याच तक्त्यात तिच्या खाली होता. मला राग आला, आणि अभिमानही वाटला, कुणाचा ते सांगता येत नाही.

“तिच्या गाड्या काट्यावर आल्या तेव्हा मी तिथं उभी होते, साहेब,” मी म्हणाले. “ती ओळ काढायची असेल, तर खालची माझी सहीही काढा.”

साहेबांनी शिपायाला हाक मारली आणि अहवाल आहे तसा टाइपाला द्यायला सांगितला.